ॲकूस्टॅट एक्स: उजवा स्पीकर दबलेला, प्रीअँप कोणता घेऊ?

खर्ज
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असतो. एका निवृत्त सहकाऱ्याकडून ॲकूस्टॅट एक्सची जोडी घेतली. १९७० च्या दशकातले, फ्लोरिडात बनलेले इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, म्हणजे विजेचा चार्ज दिलेला पातळ पडदा हलवून वाजणारे. व्हॉल्व्हचे अँप्लिफायर त्यांच्यातच बसवलेले. डावा सुरू केल्याबरोबर छान वाजतो. उजवा वीस-पंचवीस मिनिटं दबका असतो, मग हळूहळू वर येतो. पावसाळी हवेत त्यातून टिक्-टिक् येतं. शिवाय दोन्हीकडे ट्रेबल जरा मलूल आहे: तानपुरा कळतो, पण जवारी (तारेचा झणकार) खुलत नाही. सध्या ५० किलोओहमचा पॅसिव्ह (सिग्नल न वाढवणारा) व्हॉल्यूम कंट्रोल आहे आणि तिथून पुढे ६ मीटर केबल. चांगला प्रीअँप (मुख्य अँप्लिफायरच्या आधीचा टप्पा) घेतला की हे सगळं सुटेल का? एलपी पुष्कळ आहेत, तेव्हा फोनो (रेकॉर्ड प्लेयरचं इनपुट) हवाच.

सोल्डरकाका
सर्वात आधी: मागचं झाकण उघडू नका. या अँप्लिफायरना आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, ते पॅनेलला (पडदा बसवलेल्या चौकटीला) थेट जोडलेले असतात. आत हजारो व्होल्ट, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. जीव जाऊ शकतो.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी दिसतात. प्रीअँपचं नंतर बघू. इनपुटच्या केबल डाव्या-उजव्या अदलाबदल करा. दबका आवाज उजवीकडेच राहिला तर दोष स्पीकरचा.

माझा संशय बायसवर, म्हणजे पडद्यावरच्या कायमच्या व्होल्टेजवर आहे. मायलारच्या (पातळ प्लास्टिकच्या) पडद्याला उच्च दाबाचा चार्ज मिळतो तो शेकडो मेगोहमच्या रेझिस्टरमधून. तो ५०० मेगोहमचा धरला, तर धूळ आणि दमटपणामुळे १ मायक्रोअँपिअर गळती झाली तरी ५०० व्होल्ट वाटेतच जातात. बायस उतरला की आवाज उतरला. खोलीत दोन दिवस डीह्युमिडिफायर चालवून सांगा.

खर्ज
अदलाबदल केली, दोष उजवीकडेच. काल रात्री दिवे मालवून बसलो, तर जाळीमागे खालच्या कोपऱ्यात बारीक निळसर ठिणगी दिसली, आणि टिक् बरोबर त्याच क्षणी. डीह्युमिडिफायरनंतर आज ठिणगी नाही, आवाजही पाच मिनिटांत वर आला!

सोल्डरकाका
मग गळती नक्की. पण पाच मिनिटंही जास्तच आहेत. व्हॉल्व्हच्या जाणकाराकडून कोपरा साफ करून घ्या, आणि बायसच्या मल्टिप्लायरमधले (व्होल्टेज चढवणाऱ्या सर्किटमधले) डायोड, कपॅसिटर तपासायला सांगा. साध्या मीटरने पॅनेलवर मोजू देऊ नका: १० मेगोहमचा मीटर लावला की व्होल्टेज कोसळतं आणि चांगला बायसही मेलेला दिसतो. १ गिगाओहमचा प्रोब लावला तरी ५०० मेगोहमपुढे दोन-तृतीयांशच दिसेल. मोजायचं ते रेझिस्टरच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला.

तीनताल
आता प्रीअँप. तुमचा पॅसिव्ह काढाच. ५० किलोओहमच्या पॉटचा (व्हॉल्यूमच्या रेझिस्टरचा) आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे पुढे सिग्नल देतानाचा अडथळा, मधल्या जागी १२.५ किलोओहमपर्यंत जातो. केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरड धरले तर ६०० होतात, म्हणजे २१ किलोहर्ट्झला ३ डेसिबल घट, आणि १० किलोहर्ट्झलाच जवळपास १. जवारीचा तेजस्वीपणा तिथेच राहतो हो. १ किलोओहमच्या आत आउटपुट इम्पिडन्स असलेला ॲक्टिव्ह प्रीअँप घेतलात तर ही घट २६५ किलोहर्ट्झच्या पलीकडे जाते.

तुमच्या स्पीकरच्याच काळातला ॲप्ट होल्मन प्रीअँप शोधा. टॉमलिन्सन होल्मन, पुढे टीएचएक्सवाले (सिनेमागृहांच्या आवाजाचं मानक), यांचाच आराखडा. फोनो त्याची खासियत. जुना आहे, तेव्हा कपॅसिटर पाहून घ्या. व्हॉल्व्हचा प्रीअँप मनात असेल तर म्यूट रिले (सुरुवातीला आवाज तोडून ठेवणारा स्विच) असलेलाच, कारण चालू होताना तो डीसीचा दणका देऊ शकतो. स्पीकरच्या इनपुट इम्पिडन्सच्या दहाव्या हिश्शाहून प्रीअँपचा आउटपुट इम्पिडन्स कमी हवा.

आणि एक, सपाट पॅनेलचा ट्रेबल झोतासारखा सरळ जातो. खुर्ची मधोमध आणि दोन्ही पॅनेल तुमच्याकडे वळवलेली आहेत ना?

खर्ज
खुर्ची मधोमध नव्हती! पॅनेल वळवून बसलो, जवारी बरीच उघडली. उजवा आधी दुरुस्तीला देतो, ॲप्ट होल्मन शोधायला लागलोय.

सोल्डरकाका
प्रीअँप आला की तो आधी चालू करा, स्पीकर मागून. बंद करताना उलट.