केजच्या चौथ्या सोनाटातील दहाची मांडणी: तिला ताल म्हणावे काय?

समेच्या शोधात (पणजी)

नमस्कार. मी तबला आणि पियानो ही दोन्ही वाद्ये शिकते आणि सध्या अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ (१९४६–४८) या संचातील चौथ्या सोनाटावर एक विश्लेषणात्मक निबंध लिहीत आहे. तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर अशा वस्तू अडकवून तयार केलेल्या पियानोसाठी ही रचना असल्यामुळे स्वरांच्या अंगाने तिच्याकडे पाहण्यात फारसा अर्थ नाही, हे मला पटले आहे. माझा प्रश्न लयीच्या रचनेविषयी आहे. या सोनाटाचा आधार १० हा आकडा असून त्याची विभागणी ३, ३, २, २ अशी आहे. आपल्या झपतालाच्याही मात्रा दहाच, आणि विभाग २, ३, २, ३. केज यांनी भारतीय संगीताचा परिचय करून घेतला होता, हे प्रसिद्ध आहे. तेव्हा ही रचना म्हणजे झपतालाचे एक रूपांतर आहे, असे विधान निबंधात करता येईल काय? केले तर ते कितपत टिकेल?

दुगुन (मडगाव)

विधान टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते का टिकत नाही, हे नीट मांडल्यास तोच तुमच्या निबंधाचा गाभा होऊ शकेल.

प्रथम आकडेमोड पाहू. वाजवताना चौथा सोनाटा शंभर बारांचा (बार म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत उभ्या रेघांनी आखलेला काळाचा एक कप्पा) होतो. हे शंभर बार दहा-दहाच्या दहा एककांत विभागलेले आहेत आणि ही दहा एकके ३, ३, २, २ अशा गटांत येतात. छापील प्रतीत बार पन्नासच दिसतात, कारण पहिला भाग तीस बारांचा आहे आणि तो पुन्हा वाजतो, तर दुसरा भाग वीस बारांचा आहे आणि तोही पुन्हा वाजतो. म्हणजे ३०, ३०, २०, २०. पुनरावृत्तीची खूण ही इथे केवळ जुन्या दोन भागी सोनाटाची रूढी राहत नाही, ती प्रमाणाचाच एक भाग होते. आता यांपैकी कोणतेही एक एकक घ्या: त्याच्या दहा बारांची विभागणीही ३, ३, २, २ अशीच आहे. पेन्सिल घेऊन दर दहा बारांत तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या बाराच्या शेवटी बारीक उभी रेघ मारा आणि दहाव्याच्या शेवटी ठळक रेघ मारा. पन्नास बारांचे हे काम अर्ध्या तासाचेही नाही, पण ते झाल्याशिवाय पुढचे एकही वाक्य लिहू नये.

आता झपतालाशी तुलना. झपतालात दहा मात्रांचे आवर्तन संपते आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पुन्हा येते. गाणारा, वाजवणारा आणि ऐकणारा असे तिघेही त्या समेची वाट पाहत असतात. ठेक्याचे बोल प्रत्येक मात्रेला तिची ओळख देतात, खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकाम्या हाताने दाखवायची जागा, कुठे आहे हे न मोजता कळते. केज यांच्या दहा बारांना ठेका नाही, सम नाही आणि खालीही नाही. ते काळाचे रिकामे कप्पे आहेत. त्यांत नाद ठेवता येतो, तशीच शांतताही ठेवता येते. कालावधी हा एकच गुण नाद आणि शांतता या दोहोंत समान असल्यामुळे रचनेचा पाया कालावधीवरच असला पाहिजे, अशी केज यांची भूमिका होती. तालाच्या कल्पनेपासून ती पुष्कळ दूर आहे.

भारतीय प्रभावाबद्दल एक कालक्रम ध्यानात ठेवावा. भारतीय संगीतज्ञ गीता साराभाई यांची आणि केज यांची भेट १९४६ च्या सुमारास झाली. परंतु ‘फर्स्ट कन्स्ट्रक्शन’ या धातूच्या तालवाद्यांसाठी लिहिलेल्या १९३९ च्या रचनेत हीच पद्धत आधीच आलेली आहे: सोळा बारांची सोळा एकके आणि विभागणी ४, ३, २, ३, ४. साराभाई यांच्याकडून त्यांना संगीताच्या हेतूविषयीचा विचार मिळाला आणि कलाविचारक आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनातून रसांची कल्पना मिळाली, असे म्हणणे योग्य ठरेल. प्रमाणांचे गणित मात्र त्यांचे स्वतःचे आणि त्या आधीचे आहे. आपल्याकडे या बाबतीत फार चटकन अभिमान वाटू लागतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

खालीभरी (म्हापसा)

वरील विवेचन मान्य आहे, पण माझी एक मूलभूत शंका आहे. ही प्रमाणे कानाला ऐकू येतात काय? मी हा संच अनेकदा ऐकला आहे आणि मला तीनचे गट एकदाही जाणवले नाहीत. जे ऐकू येत नाही, त्याचे विश्लेषण करून काय साधते?

दुगुन (मडगाव)

शंका रास्त आहे. तीस बारांनंतर भाग बदलला हे कानाला कळते. दहा बारांतील तिसरी रेघ दर वेळी कळेलच असे नाही, आणि कळावी असा आग्रहही नाही. म्हणूनच विश्लेषणात ‘इथे ३, ३, २, २ आहे’ एवढेच लिहून थांबणे निरुपयोगी ठरते. संगीत त्या रेघेवर कुठे थांबते, कुठे तिला ओलांडून पुढे जाते, कुठे नेमक्या त्याच जागी दाटी कमी होते किंवा शांतता येते, हे बारागणिक नोंदवले की मग चौकट आणि तिच्यात भरलेला आशय यांमधला ताण दिसू लागतो. निबंध त्या ताणाविषयी असावा.

लयप्रेमी (फोंडा)

चर्चेत थोडी भर घालतो. भारतीय तालांचा खरोखरच प्रत्यक्ष वापर पाहायचा असेल, तर केज यांच्यापेक्षा फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां यांच्याकडे वळावे. त्यांनी शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकरा’तील देशी तालांची यादी फ्रेंच संगीतकोशातील एका लेखातून मिळवली. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला, म्हणजे मराठी वाचकाला तो परका नाही. १९४०–४१ मध्ये जर्मन युद्धबंद्यांच्या छावणीत पूर्ण केलेल्या त्यांच्या चतुष्टकाच्या (चार वाद्यांसाठीच्या रचनेच्या) पहिल्या भागात पियानोला सतरा कालमूल्यांची एक मालिका दिलेली आहे आणि ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांना जोडून तयार झाली आहे. तिच्यावर एकोणतीस स्वरसंघातांची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) दुसरी मालिका फिरते. १७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या असल्यामुळे दोन्ही मालिका ४९३ आघातांनंतरच पुन्हा एकत्र सुरू होतील, आणि रचना त्याच्या कितीतरी आधी संपते. तालांची नावे शार्ङ्गदेवांची आहेत, पण इथेही सम नाही. ग्रंथातील लघु-गुरूंची मापे कागदावरून उचलली गेली, ती हाताने वाजवण्याची परंपरा उचलली गेली नाही.

गोव्यात लयीचा विषय निघावा आणि लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांचे नाव येऊ नये, हे शक्य नाही. तोंडाने एक ताल, हातांनी वेगळे, पायाने आणखी वेगळा, आणि हे सर्व एकाच वेळी चालवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्यांच्याशी तुलना करावी असे पियानोच्या क्षेत्रातील नाव म्हणजे संगीतकार कॉनलन नॅनकॅरो. मेक्सिकोत राहून त्यांनी यांत्रिक (आपोआप वाजणाऱ्या) पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवर स्वतः भोके पाडून लयीचे असे अभ्यास रचले, की जे माणसाच्या हातांना जमणे जवळजवळ अशक्य. छत्तिसाव्या अभ्यासात एकच धून चार थरांत १७:१८:१९:२० अशा गतींनी चालते. सर्वांत संथ थर आधी सुरू होतो, सर्वांत जलद शेवटी येतो, मध्यावर चारही एका क्षणी भेटतात आणि त्यानंतर जलद थर पुढे निघून आधी संपतो. तबलजीच्या भाषेत सांगायचे तर संपूर्ण रचनेत सम एकदाच येते. पर्वतकरांच्या लयकारीत ती पुन्हा पुन्हा येत असे, आणि ऐकणाऱ्याचा सारा आनंद त्या भेटीतच होता.

समेच्या शोधात (पणजी)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. झपतालाचा मुद्दा मी आता साम्य आणि भेद दाखवण्यापुरताच ठेवणार आहे. आणखी एक विचारते. तिसऱ्या सोनाटात प्रमाण १, १, ३¼, ३¼ असे दिले आहे. बेरीज साडेआठ येते. साडेआठ मात्रांचा ताल वाजवणे मला अपरिचित नाही, परंतु सव्वातीन एकके कशी मोजावीत, हे मला उलगडत नाही. प्रत्यक्ष पियानोवर पडताळून पाहण्याची सोय नाही. ज्या संस्थेत मी शिकते, तिथे पियानोच्या तारांना स्क्रू लावण्याची परवानगी मागणेही मला धाडसाचे वाटते.

दुगुन (मडगाव)

परवानगी न मिळणेच बरे. आपल्याकडील दमट हवेत त्या तारांना आधीच पुरेसा त्रास आहे. मोजणीसाठी साधा पियानो किंवा नुसता हातही पुरतो.

एक एकक साडेआठ बारांचे आहे. पहिला भाग नेमका एक एकक भरतो आणि पुन्हा वाजतो. १ आणि १ ही पहिली दोन स्थाने झाली. दुसऱ्या भागात पूर्ण तीन एकके, म्हणजे साडेपंचवीस बार, आणि वर पाव एकक, म्हणजे दोन बार आणि एका बाराचा आठवा हिस्सा. हा शेवटचा हिस्सा बार मोजत गेल्यास हाती लागत नाही, म्हणून बाराचा आठवा भाग हीच मात्रा धरावी. मग एकक ६८ मात्रांचे होते, पाव एकक १७ मात्रांचे आणि दुसरा भाग २२१ मात्रांचा. ६८, ६८, २२१, २२१ मिळून ५७८. साडेआठचा वर्ग सव्वाबहात्तर, त्याला आठाने गुणले तरी ५७८ च येतात, त्यामुळे मोजणी चुकली की लगेच कळेल. ते पाव एकक तीन एककांनंतर शेपटासारखे जोडलेले आहे; त्याच्या सतरा मात्रांत केज काय करतात, ते आधी पाहा आणि निबंधाची सुरुवात तिथून करता येते का, याचा विचार करा.