चर्चा : परदेशातल्या मुलांसाठी सहा महिने जावं, की आपल्या स्टेशनवर थांबावं?

कमाटीबाग (धागाकर्ती)

नमस्कार. मी वडोदऱ्यात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं, ते रेल्वे स्टेशनवरच्या मुलांच्या मदत कक्षात. घरातून पळालेली, गाडीत चुकलेली, कुणी कामाला लावायला नेत असलेली मुलं तिथे येतात. मुंबई-दिल्ली मार्गावरचं जंक्शन, त्यामुळे रिकामा दिवस असा जात नाही.

ग्लासगोमधल्या एका संस्थेने मला सहा महिन्यांची इंटर्नशिप देऊ केली आहे. तिथली मुलं १२ ते १८ वयाची. काहींची शाळा सुटलेली, काही मारामाऱ्यांत अडकलेली, काहींना घरातून काढून सरकारी देखरेखीत ठेवलेलं. संध्याकाळी क्लब, शनिवारी फुटबॉल, मोठ्या मुलांना नोकरीचे अर्ज भरायला मदत. पगार नाही. राहायला खोली आणि बसभाडं मिळेल. विमान, व्हिसा आणि वरखर्च बाबांच्या पीएफमधून.

ग्लासगोच का, तर तिथल्या पोलिसांनी २००५ साली चाकूहल्ल्यांचा प्रश्न साथीच्या रोगासारखा हाताळायचं ठरवून वेगळा विभाग काढला. इस्पितळात जखमी पोराच्या खाटेशेजारी बसून त्याच्याशी बोलणारी माणसं नेमली. शिवाय १९७१ पासून स्कॉटलंडमध्ये बहुतेक मुलांची प्रकरणं कोर्टाऐवजी तीन प्रशिक्षित स्वयंसेवकांसमोर चालतात. मूल आणि घरचे त्याच टेबलाशी बसतात. आपल्या बाल न्याय मंडळातही मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजसेवक असतात, पण स्कॉटलंडमधल्या त्या टेबलाशी मूल किती बोलतं, हे मला पाहायचं आहे.

सगळं ठरत आलं होतं. परवा मावशी म्हणाली, "आपल्या स्टेशनवरची मुलं संपली का गं?" तेव्हापासून झोप नाही. मनापासून सांगा.

प्लॅटफॉर्म_एक

मी या शहरात १४ वर्षं मुलांमध्ये काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते. जाऊ नकोस.

तुझी मावशी वडोदऱ्याच्या मुलांबद्दल बोलली, मी ग्लासगोच्या मुलांबद्दल बोलते. ज्या मुलाला आईने सोडलं, मग मामाने, मग दोन संस्थांनी, त्याच्या आयुष्यात आणखी एक माणूस सहा महिन्यांसाठी येऊन जाणार. आपल्या कक्षात एक मुलगा होता. नवी इंटर्न आली की तो नाव विचारायचा नाही. पहिला प्रश्न, "दीदी, आप कब तक हो?" मार्चपर्यंत म्हटलं की तो तिच्याशी कॅरम खेळायचा, पण घरचा पत्ता कधी सांगायचा नाही. पत्ता त्याने सांगितला तो आमच्या चहावाल्या भाऊंना, कारण ते रोज तिथे असायचे.

केसवर्कच्या पुस्तकात टर्मिनेशन, म्हणजे काम संपवून निरोप घेणं, हा शेवटचा टप्पा म्हणून शिकवतात. या मुलांबरोबर तो पहिल्या दिवशीच सुरू होतो. त्यात तुला तिथली इंग्रजी. चिडलेला पंधरा वर्षांचा पोरगा आपलं वाक्य दुसऱ्यांदा म्हणत नाही. कान तयार होईपर्यंत परतीचं तिकीट आलेलं असेल.

रावपुरेकर_काका

बाळ, खुशाल जा. तू ज्या कमाटीबागेचं नाव घेतलं आहेस, तिथेच डॉ. आंबेडकरांची संकल्पभूमी आहे, अस्पृश्यता संपवायचा संकल्प त्यांनी केला ती जागा. बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा "इथली मुलं संपली का" असं सयाजीरावांनी विचारलं नाही. बाहेर जाऊन शिकून आलेला माणूस इथल्यांसाठी काय करू शकतो, हे त्यांना कळत होतं. प्लॅटफॉर्मताईंचा अनुभव मोठा आहे, पण नवीन मुलींना असं अडवलं तर आपल्याकडे बाहेरचं शहाणपण येणार कसं?

प्लॅटफॉर्म_एक

काका, उदाहरण तुम्हीच दिलंत, तर पूर्ण घेऊ या. त्या शिष्यवृत्तीला परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. आंबेडकर १९१७ मध्ये परतले आणि जातीपायी या शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही. तेव्हा दोन गोष्टी विचारायला हव्यात. हिच्यावर परत येण्याचं बंधन कोणाचं? आणि परत आली तर तिला जागा कोण देणार? बाहेरून शिकून आलेल्या किती मुली आज बालगृहात नोकरी करतात? माझ्या पाहण्यात एकही नाही. पगारच तेवढा नसतो.

आणि काका, मी अडवत नाहीये. तिने मनापासून सांगा म्हटलं, म्हणून सांगते आहे.

दांडियाबाजार

मला मुलांमधलं काही कळत नाही, पैशातलं कळतं. बाबांच्या पीएफला हात लावू नकोस, एवढंच. बिनपगारी काम ज्याला परवडतं तोच करतो. म्हणजे गरीब मुलांसाठीचं काम शिकायला आधी घरात पैसा हवा. हे मला पटत नाही.

क्लाइडकाठ

मी मूळचा वडोदऱ्याच्या वाडी भागातला, ग्लासगोत नऊ वर्षं झाली. दर गुरुवारी इथल्या एका युथ क्लबमध्ये जातो. आधी कामाचं सांगतो.

तुझा व्हिसा बहुधा चॅरिटी वर्कर हा असेल. १२ महिन्यांपर्यंत राहता येतं, पगार अजिबात घेता येत नाही, संस्थेकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसाला बोलवायचा सरकारी परवाना) लागतं. खात्यात १२७० पौंड सलग २८ दिवस दिसायला हवेत, नाहीतर संस्थेने तुझ्या खर्चाची हमी द्यायची. मुलांमध्ये काम म्हणजे स्कॉटलंडच्या पीव्हीजी योजनेत (मुलांमध्ये काम करणाऱ्यांची गुन्हेगारी नोंद तपासतात ती) नोंदणी आली. पासपोर्ट ऑफिसकडून पीसीसी (गुन्हा नोंद नसल्याचा पोलीस दाखला) आत्ताच काढून ठेव. एखादी संस्था यातलं काही न विचारता "ये" म्हणत असेल तर तिथे मुळीच जाऊ नकोस. अमेरिकेचा विचार असेल तर तो सोड. जे-१ व्हिसाच्या इंटर्न प्रकारात समुपदेशन, समाजकार्य अशी थेट सेवेची कामं नियमानेच वगळलेली आहेत.

आता ताईंच्या मुद्द्याबद्दल. पहिले दोन महिने मी फक्त टोस्ट भाजले. खरंच. पोरं दारातून येतात ती सरळ टोस्टरपाशी. एक जण रोज चार स्लाइस घ्यायचा, तीन खायचा आणि चौथा टिश्यूत गुंडाळून खिशात घालायचा. मी काही बोललो नाही, पाचवा भाजायला लागलो. धाकट्या बहिणीसाठी नेतो, हे त्याने तिसऱ्या महिन्यात सांगितलं, तेही टोस्टरकडे बघत. तेव्हा सहा महिन्यांत काहीच होत नाही, हे मला मान्य नाही. पण मी एकटा नव्हतो. तिथे वीस वर्षं असलेली एक बाई होती, आणि बहिणीचं पुढे काय करायचं ते तिने पाहिलं. मी गेलो असतो तरी ती होती.

एक गोष्ट मात्र मलाही खुपते. २०१० नंतर ब्रिटनमधल्या कौन्सिलांनी (तिथल्या नगरपालिकांनी) युथ क्लबवरचा खर्च खूप कापला. कुठे कुठे पगारी माणसाच्या जागी फुकट इंटर्न उभी करतात. तुझ्या संस्थेला विचार, की तुझ्याआधी हे काम कोण करत होतं आणि ती व्यक्ती कुठे गेली.

खोली_चार

मी नऊ वर्षं बालगृहात वाढलो. कुठल्या ते लिहीत नाही. आता वडोदऱ्यातच मोटार वाइंडिंगचं काम करतो. एवढं मराठी लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

आमच्याकडे परदेशातून मुली यायच्या, दोन महिने, तीन महिने. एकीने खोलीच्या चौकटीवर पेन्सिलने आमच्या उंचीच्या रेघा मारल्या. बाजूला नाव आणि तारीख. दर महिन्याच्या एक तारखेला रांग लागायची, टाचा उचलल्या की ती हसून डोक्यावर पुस्तक दाबायची. जाताना म्हणाली, दिवाळीत येते. एक तारखेला आम्ही परत रांग लावली. मग गृहपालांना म्हटलं, तुम्ही मोजा. ते म्हणाले, वेळ नाही. मी स्वतःच पाठ लावून डोक्यावर हात ठेवून रेघ मारायचो. ती वाकडी यायची.

ती वाईट नव्हती. माझी उंची कुणीतरी मोजली, हे चांगलंच झालं. वाईट झालं ते दिवाळीचं. म्हणून एवढंच म्हणतो, जायचं तर जा, पण "परत येईन" हे म्हणू नकोस. पहिल्याच दिवशी जायची तारीख सांग. आणि फोटो काढू नकोस. आमचे खूप काढले, आजही कुठे कुठे असतील.

प्लॅटफॉर्म_एक

दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. फोटोचं सगळ्यांनी वाचा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही नेटवर फोटो पडतच असतात.

कमाटीबाग (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. खोली_चार दादांचं रात्री तीनदा वाचलं.

संस्थेला मेल केला आहे. माझ्याआधी कोण होतं, माझ्यानंतर कोण असेल, आणि मी एकटी कुठल्या मुलाबरोबर असणार आहे का. उत्तर आल्याशिवाय व्हिसाचे पैसे भरणार नाही. पीएफचंही बाबांशी परत बोलले. अर्धे पैसे मी शिकवण्या करून जमवणार, म्हणजे जानेवारीऐवजी जून. तोवर स्टेशनवर राहीन.

पण ताई, जायचं मी अजून सोडलेलं नाही. खाटेशेजारी बसणारी ती माणसं सुरुवात कशी करतात, पहिलं वाक्य काय बोलतात, हे मला पाहायचं आहे. आपल्याकडे मूल आलं की पहिल्या पाच मिनिटांत मी फॉर्म भरायला घेते. मला दुसरं काही येत नाही, आणि ते मला रोज टोचतं.

काल कक्षातल्या एका मुलाला मी जूनमध्ये जाणार हे सांगितलं. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि जून कुठे आहे ते दाखवायला सांगितलं.

प्लॅटफॉर्म_एक

मी अजूनही जाऊ नकोस असंच म्हणेन. पण जूननंतर तुझे ते दोन दिवस कोण येणार, त्याचं नाव मला एप्रिलपर्यंत कळव. मी त्याला घेऊन कक्षात येते, तू असतानाच.