मदत हवी आहे: शाळेच्या भिंतीवर मुख्यमंत्र्यांचा फलक करायचाय, पहिलं नाव कुणाचं लिहू?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरातल्या एका मराठी शाळेत सातवी-आठवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. जिन्याजवळच्या भिंतीवर आठ बाय चार फुटांचा मुख्यमंत्र्यांचा फलक लावायचं ठरलं आहे, २६ जानेवारीच्या आत. प्लायवूड आलं, पेंटर ठरला, आणि मी पहिल्याच नावाला अडकून बसले आहे.

झालं असं. राज्याचं कार्यकारी मंडळ शिकवताना मी सांगितलं की महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, १ मे १९६० पासून. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “मॅडम, माझे आबा म्हणतात त्यांच्या लहानपणी मुख्यमंत्री नागपुरातच राहायचे. अधिवेशनापुरते नाही, बाराही महिने. शुक्ल नाव होतं त्यांचं.” वर्ग हसला. मी म्हटलं, आबांची काहीतरी गल्लत होत असेल, बस खाली. तो बसला. त्यानंतर आठ-दहा दिवस त्याने हात वर केला नाही.

घरी येऊन पुस्तकं काढली तर आबा बरोबर होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचं १९५० साली मध्य प्रदेश झालं, त्याची राजधानी नागपूर आणि मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल. हे ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. तिकडे भोपाळला शुक्लजी नव्या मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले, इकडे मुंबईत यशवंतरावांनी शपथ घेतली. म्हणजे नागपूरकर रात्री एका मुख्यमंत्र्याच्या राज्यात झोपले आणि सकाळी दुसऱ्याच्या राज्यात उठले, राजधानीही गेली. शुक्लजी त्याच वर्षी ३१ डिसेंबरला वारले.

मी इथलीच. जन्म, शाळा, बी.एड., सगळं नागपुरात. दर डिसेंबरात अधिवेशन आलं की मुख्यमंत्र्यांच्या रामगिरी बंगल्याची रंगरंगोटी होते, मंत्री उतरतात त्या रविभवनाबाहेर गाड्यांची रांग लागते, मोर्च्यांनी टेकडी रोड बंद होतो आणि आम्ही ऑटोवाल्याला लांबून वळसा घ्यायला सांगतो, हे सगळं अंगवळणी पडलेलं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन इथे होतं, हेही मुलांकडून पाठ करून घेते. पण तो करार का करावा लागला, आपल्या हातून काय जाणार होतं म्हणून हे मिळालं, ते मी कधी नीट सांगितलंच नाही. त्या मुलाची मी वर्गात सगळ्यांसमोर माफी मागितली आहे. आता फलक तरी बरोबर व्हावा.

तर मला हे हवंय. नागपुरातल्या शाळेने यादी १९६० पासून सुरू करावी, १९५६ पासून, की त्याच्याही मागून? बाजारातून एक छापील तक्ता आणला होता, त्यात मारोतराव कन्नमवारांनंतर थेट वसंतराव नाईक आहेत. मधले पी. के. सावंत धरायचे की नाही? आणि जे पुन्हा पुन्हा मुख्यमंत्री झाले त्यांना आकडा कसा द्यायचा? पोरं विचारणारच, “मॅडम, आत्ताचे कितवे?”

जाणकारांनी जरूर लिहावं.

धंतोलीकर
ताई, शुक्लांच्याही मागे जा. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली, १९३७ च्या निवडणुकीत आपल्याकडे काँग्रेसला बहुमत मिळालं. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत असं आश्वासन मिळेपर्यंत मंत्रिमंडळ बनवायचं नाही, अशी काँग्रेसची भूमिका होती. म्हणून एप्रिल ते जुलै १९३७ राघवेंद्र राव यांचं हंगामी मंत्रिमंडळ होतं. मग आले डॉ. नारायण भास्कर खरे, आपल्या नागपूरचे डॉक्टर. हे नाव आजच्या नागपूरच्या पोरांना माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांचं मंत्रिमंडळ कसं पडलं ते मुलांना नक्की सांगा, कारण मुख्यमंत्रिपद म्हणजे काय ते त्या एका प्रसंगात कळतं. मराठी भागातले मंत्री आणि महाकोशलातले, म्हणजे हिंदी भागातले मंत्री यांचं पटेना. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी स्वतःचा राजीनामा दिला, म्हणजे सगळं मंत्रिमंडळ गेलं असं त्यांचं म्हणणं. शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता हे तिघे राजीनामा देईनात. गव्हर्नर वायली यांनी तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांना नवं मंत्रिमंडळ बनवू दिलं. काँग्रेस श्रेष्ठींना हे मान्य नव्हतं. गव्हर्नरच्या हातून पक्षातलं भांडण मिटवलं म्हणून खऱ्यांवर ठपका आला, काही दिवसांतच त्यांना पायउतार व्हावं लागलं आणि शुक्ल आले. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर शुक्लांनीही राजीनामा दिला, मग १९४६ मध्ये पदावर परत शुक्लच आले.

तेव्हा पदाचं इंग्रजी नाव आजच्या पंतप्रधानांसारखंच होतं. माझे वडील ‘मुख्यप्रधान’ म्हणत, मुंबईच्या बाळासाहेब खेरांनाही तोच शब्द वापरत. फलकावर ‘पंतप्रधान’ लिहू नका, पोरं गोंधळतील.

नांदेडची_लेक
मॅडम, तुमचं म्हणणं मनापासून पटलं, पण मग आमचं काय? मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथे १९५० पासून वेल्लोडी मुख्यमंत्री होते, ते निवडून आलेले नव्हते, सनदी अधिकारी होते. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव आले. माझी आजी नांदेडची, तिचे मुख्यमंत्री ते. फलकावर ‘महाराष्ट्र’ लिहून फक्त नागपूरचा मागचा धागा जोडला तर मराठवाड्याच्या मुलाला तेच वाटेल जे तुमच्या विद्यार्थ्याला वाटलं. तुमच्या वर्गात परभणी-हिंगोलीहून बदली होऊन आलेल्यांची मुलं असतीलच की.

कामठीचा_मास्तर
दोघींचंही बरोबर आहे, म्हणून उपाय सुचवतो. आपल्या इथे बिना संगमावर कन्हान, पेंच आणि कोलार मिळतात, पोरं सहलीला गेलेली असतात. तसा फलक काढा. वरून तीन धारा: नागपूर, मुंबई, हैदराबाद. मुंबईच्या धारेत खेर, मग १९५२ पासून मोरारजी देसाई. तिन्ही १ नोव्हेंबर १९५६ ला यशवंतरावांपाशी मिळतात. तिथून खाली एकच पात्र, त्यात १ मे १९६० ला एक ठळक रेघ. काहून की ती रेघ नसली तर लोक म्हणतील, महाराष्ट्र केव्हा झाला तेच दाखवलं नाही. पेंटरला जरा जास्त काम पडेल, पण पोरं उभी राहून पाहून राहतील.

कलम_१६४
सावंतांबद्दल. कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ ला पदावर असताना गेले. दुसऱ्या दिवसापासून ४ डिसेंबरपर्यंत सावंत हंगामी मुख्यमंत्री होते, ५ डिसेंबरला नाईक आले. दहा दिवस असले तरी त्या दहा दिवसांत राज्याचा कारभार त्यांच्याच नावाने चालला. त्यांना धरा, नावापुढे ‘हंगामी’ लिहा. त्यांना धरून १९६० पासून आजवर वीस व्यक्ती होतात.

‘कितवे’ हा आकडा मात्र मुळीच लिहू नका. शरद पवार, वसंतदादा, शंकरराव चव्हाण, विलासराव, फडणवीस हे सगळे परत आलेले आहेत. फडणवीसांनी तीन वेळा शपथ घेतली: ३१ ऑक्टोबर २०१४, २३ नोव्हेंबर २०१९ आणि ५ डिसेंबर २०२४. व्यक्ती मोजा, नाहीतर शपथा मोजा, आकडा दर वेळी वेगळा येतो. ‘पासून-पर्यंत’ लिहिलं की वाद संपतो. राष्ट्रपती राजवटीच्या तीन जागा रिकाम्या ठेवा: १९८०, २०१४, २०१९. रिकामी पट्टी पाहून मुलं विचारतील आणि तुम्हाला कलम ३५६ आपोआप शिकवता येईल.

मुलांना हेही सांगा की मुख्यमंत्र्याला थेट मत कुणीच देत नाही. राज्यपाल नेमतात, पण विधानसभेचा विश्वास लागतो. सभागृहाचा सदस्य नसला तरी सहा महिने चालतं: उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि मे २०२० मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले. शिवाय मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर जाऊ शकत नाही. २८८ चे पंधरा टक्के मुलांना काढू द्या, मुख्यमंत्री धरून ४३ येतात. १५ डिसेंबर २०२४ ला तुमच्याच नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री मिळवले की ४२.

पुसदकर
नाईकसाहेबांच्या नावापुढे थोडी जागा जास्त ठेवा हो. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, अकरा वर्षांहून अधिक, इतकं सलग कुणीच नाही. आणि ते १९५२ साली निवडून आले ते नागपूरच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत, आमच्या पुसदमधून. धारा जोडायच्याच असतील तर ही जोड दाखवा. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते ९३. कन्नमवार, दोघे नाईक आणि फडणवीस, विदर्भाचे हे चार. उपमुख्यमंत्री घेणार असाल तर पहिले आपल्याच विदर्भाचे नासिकराव तिरपुडे, १९७८.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हे वाचून मी कागदावर चार वेळा फलक काढला आणि खोडला.

ठरलं ते असं. तीन धारा घेते. नांदेडच्या ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी आबांना न्याय देताना दुसऱ्या कुणाच्या आजीवर तोच अन्याय केला असता. आकडे नाहीत, फक्त तारखा. सावंत आहेत. उपमुख्यमंत्री घेत नाही, ते पद संविधानात नाही आणि फलकावर जागाही नाही. तिरपुड्यांबद्दल वर्गात सांगेन. पुसदकर काका, नाईकसाहेबांच्या नावाखाली ‘१९५२: नागपूर विधानसभा’ अशी बारीक ओळ येईल. १९३९ ते ४६ ची पट्टीही रिकामी ठेवते आहे, तिथे गव्हर्नरांचं राज्य होतं एवढंच लिहीन. धंतोलीकर काका, खऱ्यांचा तो प्रसंग मी काल वर्गात सांगितला. अर्धा तास लागला. एका मुलीने विचारलं, “मग बरोबर कोण होतं?” मी म्हटलं, दोन्ही बाजू लिहून आण. आज सोळा वह्या आल्या आहेत.

आबा पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत, जिना चढवत नाही, म्हणून फलक जिन्याऐवजी तळमजल्यावर मुख्य दाराच्या आत लावायला मुख्याध्यापकांनी होकार दिला.

एक गोष्ट अजून अडली आहे. डॉ. खरे आणि राघवेंद्र राव यांचे हाताने चित्र काढण्याइतके स्पष्ट फोटो मिळत नाहीयेत. कुणाच्या घरी जुनी वर्तमानपत्रं, स्मरणिका असं काही असेल तर मोबाइलवर फोटो काढून इथेच टाकाल का? पेंटर शनिवारी सकाळी येतोय.