द्राक्षबागेतलं मायकोरायझा पाइनच्या झाडाला चालतं का?

तासगावकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा तासगावचा, घरी दोन एकर द्राक्षबाग. सध्या कॅनडात, ऑन्टारिओतल्या सडबरीत शिकतोय. इथल्या टेकड्या तांब्या-निकेलच्या भट्ट्यांच्या धुराने उजाड झालेल्या. गेले दोन उन्हाळे त्यांच्यावर झाडं परत आणणाऱ्या वनीकरणाच्या टोळीत काम केलं. काम काय, तर डोलोमाइट चुनखडीच्या भुकटीची पोती खांद्यावर घेऊन खडकाळ टेकाड चढायचं आणि ती हाताने फेकायची. हेक्टरी सुमारे १० टन. संध्याकाळी आरशात बघितलं की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं वाटायचं.

प्रश्न असा. एका टेकाडाच्या पायथ्याला आणि माथ्यावर एकाच वर्षी रेड पाइन लावलेत. चुना दोन्हीकडे सारखाच पडलाय. पायथ्याची झाडं माझ्या खांद्याला लागतात आणि माथ्यावरची गुडघ्याएवढी, पिवळट, खुरटलेली. पायथ्याला लागूनच बर्चची राई आहे. माथ्यावर शेजारी काही नाही, काळा खडक.

मला वाटलं, माथ्यावरच्या मातीत जीवच नसणार. आमच्याकडे नवीन बाग लावताना खड्ड्यात मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी, टाकतातच. म्हणून मुकादमाला विचारून ऑनलाइन एक पुडी मागवली (चाळीस डॉलर गेले) आणि वसंतात चाळीस झाडांच्या मुळाशी चमचा-चमचा घातली. ऑक्टोबर उजाडला, फरक शून्य. बाबा फोनवर म्हणाले, "माल बोगस असंल." खरंच बोगस आहे, की माझंच काही चुकलं? जीवामृत करून बघू का? गूळ मिळतो इथे. देशी गाईचं शेण मिळणं अवघड आहे.

निवृत्त_कल्चरवाला

पुडी बहुतेक अस्सल असावी. नुसती वेगळ्या झाडाची आहे. रायझोबियम, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), मायकोरायझा यांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घे.

आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मिळतं ते आर्बस्क्युलर जातीचं मायकोरायझा. ही बुरशी मुळाच्या पेशीत शिरून राहते. द्राक्ष, कांदा, कापूस, ऊस सगळ्यांना चालते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं. पाइन, स्प्रूस, बर्च यांचं सोयरीक करायचं घराणं निराळं. त्यांची बुरशी पेशीच्या आत जात नाही. मुळाच्या टोकावर मोजा चढवावा तशी बाहेरून बसते आणि तिथून जमिनीत धागे सोडते. पावसाळ्यानंतर पाइनखाली ज्या चिकट टोपीच्या छत्र्या उगवतात, त्यातल्या बऱ्याच हिच्याच. तू पाइनला द्राक्षाची बुरशी दिलीस, म्हणजे स्थळ चांगलं होतं पण गोत्र जुळलं नाही.

'मायकोरायझा' हा शब्द १८८५ साली फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने घडवला. प्रशियाच्या सरकारने त्याला ट्रफल नावाची महागडी बुरशी लागवडीखाली आणता येईल का ते बघायला सांगितलं होतं. ट्रफल राहिली बाजूला, आणि झाडांच्या मुळांवरचं हे प्रकरण हाती लागलं. पुढे प्युएर्तो रिकोत पाइन लावायला घेतले तेव्हा रोपं वर्षानुवर्षं पिवळी पडून मरायची. पाइनच्या जंगलातली मूळ माती आणून घातली तेव्हा कुठे ती हिरवी झाली. तुझी शंका रास्त आहे ती याच कारणाने.

जीवामृताचं मात्र विसर. विरजण लावताना दूध कोमट लागतं ना? नासलेल्या दुधात कितीही चांगलं विरजण घाल, दही लागत नाही. सडबरीच्या उघड्या मातीचा सामू (पीएच) मूळचा ४ च्या आसपास, म्हणजे चांगलीच आंबट, वर तांबं आणि निकेल. तुम्ही चुना टाकता तो दूध कोमट करायला. सामू चढला की धातू मुळांना कमी मिळतात, जिवाणू हलायला लागतात, पडलेला पाला कुजायला लागतो. चुन्यासोबत क्लोव्हर किंवा ट्रेफॉइलचं बी टाकता का? ती आपल्या हरभऱ्या-मेथीची भावकी. उपटून मुळाच्या गाठी नखाने फोडून बघ, आत गुलाबी असेल तर नत्राचं काम चालू आहे. पण त्यांचं मायकोरायझाही आर्बस्क्युलरच, म्हणजे पाइनला त्यांच्याकडून बुरशी मिळणार नाही. बर्चकडून मिळेल.

आता मूळ मुद्दा. तू एकाही झाडाचं मूळ बघितलंस का? उपटू नकोस, तुटतं. बाजूने खणून बारीक मुळाचा तुकडा काप आणि पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन हलकेच धू. टोकं आखूड, जाडसर, बेचक्यासारखी दुभंगलेली दिसली तर बुरशी आहे. लांब, बारीक, केसाळ दिसली तर नाही. बघून सांग.

सडबरीची_काकू

अरे वा, आमच्या गावचा धागा! १९९४ साली लग्न करून आले तेव्हा सासूबाईंना फोनवर सांगितलं होतं, इथे डोंगर आहेत पण जळलेल्या तव्यासारखे. त्याआधीचं तर लोक विचारू नका म्हणायचे. १८८८ पासून १९२९ पर्यंत इथे खनिज उघड्यावर भाजायचे. लाकडाच्या थरावर धातुकाचा ढीग रचून पेटवायचा आणि तो महिनोनमहिने धुमसत ठेवायचा. लाकूड इथल्याच जंगलाचं, आणि धूर उरलेल्या जंगलावर. नंतर भट्ट्या आल्या, १९७२ ला ३८१ मीटरची चिमणी आली, सगळं त्यानंतर हळूहळू निवळत गेलं. चुना टाकण्याचं काम १९७८ पासूनचं. आजवर एक कोटीच्या वर झाडं लागली आहेत. एक कोटीवं २०२२ मध्ये चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल आणि कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी मिळून लावलं.

(अवांतर: चंद्रासारखी जमीन म्हणून नासाचे अंतराळवीर इथे आले होते, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला ऐकवली जाते. ते आले होते उल्कापाताने फुटलेले खडक बघायला. मीही दहा वर्षं चुकीचंच सांगत होते.)

इथल्या विद्यापीठातले कीथ विंटरहाल्डर म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी दाखवलं की चुना टाकला की बर्च आणि पॉप्लर आपण न लावता येतात. बी वाऱ्यावर येतच होतं, त्याला रुजायला जागा नव्हती. जंतूंचंही तेच असणार असं मला वाटतं, पण ते काकांनी सांगावं. अलीकडे आणखी एक करतात. रस्ता रुंद करताना जे जंगल जाणारच असतं, तिथली जमीन झाडझाडोऱ्यासकट गालिच्यासारखी कापून आणतात आणि चुना घातलेल्या जागी अंथरतात. ब्लूबेरी, शेवाळ, बुरशी, किडे सगळं बिऱ्हाड एकदम. हे खरं विरजण, काका!

माथ्याबद्दल एक विचारते. तिथे मातीच किती उरली आहे? झाडं गेल्यावर माती वाहून खाली गेली, ती पायथ्यालाच साठली असणार.

फोर्टमॅकवाला

मी अल्बर्टाच्या तेलवाळूच्या खाणीत माती परत पसरवण्याच्या कामावर आहे. काकूंशी नव्वद टक्के सहमत. पण 'शेजारच्या जंगलातून येईल' हे छोट्या टेकाडावर ठीक आहे. आमच्याकडे खाण इतकी पसरलेली की मधोमध उभं राहिलं तर जंगलाची कड दिसत नाही. बुरशीचे बीजाणू वाऱ्याने येतात, पण मुळातून मुळात जाणारं जाळं काही उडत येत नाही. त्यामुळे जंगलाची वरची दहा-वीस सेंटीमीटर माती, पालापाचोळ्यासकट, खरवडून दुसरीकडे लगेच पसरणं सगळ्यात चांगलं. लगेच, हे महत्त्वाचं. मोठा ढीग करून ठेवला की आतली हवा संपते. बी आणि मुळांवरची बुरशी वर्षभरात बहुतांश मेलेली असते. वरून मात्र माती काळीभोर, झकास दिसते. ढिगातली माती पसरवून 'टॉपसॉइल घातली' म्हणणारे साहेब मी पाहिलेत, नाव घेत नाही. खाणीची जमीन पूर्ववत झाल्याचा पहिला दाखला सरकारने दिला तो २००८ मध्ये, १०४ हेक्टरच्या एका टेकडीला. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात तो तुकडा केवढासा.

आणखी एक, ट्रेमधल्या रोपांना नर्सरीत खत भरपूर असतं. पोटभर जेवलेलं रोप बुरशीला साखर कशाला देईल?

तासगावकर

काका, काकू, दादा, सगळ्यांचे आभार. शनिवारी बर्फ पडायच्या आत वर जाऊन आलो. घरातला एकुलता एक पांढरा वाडगा नेला, रूममेट अजून विचारतोय त्यात काय धुतलंस.

पायथ्याचं मूळ: बेचकीच बेचकी, पिवळसर, पोवळ्याच्या फांदीसारखी. बघून अंगावर काटा आला.

माथ्याची तीन झाडं खणली. तिन्हींवर बेचक्या होत्या! कमी होत्या, तपकिरी रंगाच्या, पण होत्या. म्हणजे बुरशी नव्हती हा माझा अंदाजच खोटा. आणि काकू, तुम्ही म्हणता तेच, खुरपं चार बोटं गेलं की खडक. दोन झाडांची मान जमिनीच्या वर दोन बोटं उचललेली, बारीक मुळं हवेत लोंबतायत. बाजूच्या उघड्या मातीत सकाळी बर्फाच्या सुया उभ्या होत्या. पायाखाली कुरकुरत होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर मातीचा कण.

निवृत्त_कल्चरवाला

शाबास. तपकिरी बुरशी बहुधा थेलेफोरा असेल, ती नर्सरीच्या ट्रेमधूनच रोपासोबत येते. गरीब पण चिवट. तिचा दोष नाही, तुझ्या पुडीचाही नाही. दरवर्षी थंडीत जमिनीतलं पाणी गोठून त्या सुया रोपाला वर ढकलतात आणि बुरशीने जोडलेले धागे तुटतात. माथ्यावर आधी उघडी माती झाकायला हवी. बर्चखालचा पाला, सडकी फांदी, जे मिळेल ते, आणि खालची थोडी काळी मातीही त्याबरोबर ने. मुकादमाला विचारून. मान उचललेल्या झाडांभोवती माती ओढ.

तासगावकर

विचारलं. 'दोन पोती पाला, त्यापेक्षा जास्त नाही' म्हणाला. बाबांना सांगितलं की माल बोगस नव्हता, तर म्हणे, मग अर्धी पुडी उरली असंल ती इकडं पाठव. काकू, तुमच्या परसात कांदा लावता का?

सडबरीची_काकू

लावते की. मे महिन्यात ये घेऊन, जेवायलाच ये.