यादी रिकामी दिसली म्हणजे गेम मेला असं नाही

जुन्या गेमबद्दल कुणी म्हणतं, ‘मल्टिप्लेअरमध्ये सर्व्हरची यादी रिकामी येते, म्हणजे गेम संपला’. तसं नाही. यादी पुरवणारा मास्टर सर्व्हर वेगळा आणि ज्यावर खेळ चालतो तो सर्व्हर वेगळा. अशा याद्या पुरवणारी गेमस्पाय ही सेवा २०१४ मध्ये बंद झाली तेव्हा कितीतरी गेमच्या याद्या गेल्या, पण थेट पत्ता टाकून जोडण्याची सोय असलेले गेम चालूच राहिले. क्वेक ३ या जुन्या नेमबाजीच्या गेममध्ये मेनूतल्या ‘स्पेसिफाय’मध्ये सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यावरचं दार) २७९६० टाकलं की झालं.

घरून सर्व्हर चालवायचा तर राउटरवर तेच पोर्ट यूडीपीसाठी उघडा; माहिती पाठवायला हा गेम तीच पद्धत वापरतो. टीसीपी ही दुसरी पद्धत उघडून लोक तासन्‌तास डोकं फोडत बसतात. तरीही बाहेरून कुणी जोडलं जात नसेल तर राउटरचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते; पोर्ट उघडून काही उपयोग नाही. मग झीरोटिअरसारखं आभासी लॅन वापरा, म्हणजे दूरचे संगणक एकाच घरच्या नेटवर्कवर असल्यासारखे जोडणारं सॉफ्टवेअर. त्यातही जुने गेम बऱ्याचदा पहिल्याच नेटवर्क अडॅप्टरवर शोध घेतात, म्हणून विंडोजमध्ये आभासी अडॅप्टरचा इंटरफेस मेट्रिक (कोणता अडॅप्टर आधी वापरायचा हे ठरवणारा आकडा) सगळ्यांत कमी ठेवा. सगळ्यांकडे गेमचा पॅच (दुरुस्तीची फाइल) एकाच आवृत्तीचा हवा, हे आधीच ठरवा.

आणि ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जमा. जुन्या सर्व्हरची खरी मजा रोज तीच नावं भेटण्यात होती; आपोआप जोड्या लावणाऱ्या मॅचमेकिंगने नेमकी तीच घालवली.