जाळी लावा, मादी वाचेल

टाकीतल्या सिक्लिड माशांच्या जोडीतला नर मादीला मारतो म्हणून दोघांना कायमचं वेगळं करायचं म्हणताय, तर इतक्यात करू नका. माझ्याकडे कॉन्व्हिक्ट सिक्लिड, म्हणजे काळ्या पट्ट्यांचे सिक्लिड मासे आहेत. पहिली मादी मी अशीच गमावली, अजून वाईट वाटतं. तेव्हापासून टाकीत मधोमध जाळी लावतो. दोघं एकमेकांना पाहतात, पण चावा बसत नाही. मादीच्या पोटावर केशरी रंग चढला आणि ती जाळीपाशी घुटमळू लागली, की मगच जाळी काढतो. तरीही तिला लपायला आडोसा हवाच. मी फुटक्या माठाची मोठी खापरं ठेवतो. अंडीही त्यातच घालतात. साधारण 3 दिवसांत अंडी फुटतात, पुढच्या आठवडाभरात पिल्लं पोहू लागतात. मग दोघं मिळून अशी राखण करतात, की टाकीत हात घातला तर हातावरही धावून येतात!

बोअरच्या जड पाण्याची काळजी नको, मध्य अमेरिकेच्या या माशांना ते मानवतं. जपायचं ते मे महिन्यात. पारा 45 वर आणि त्यात लाईन गेली, की तापलेल्या पाण्यातला प्राणवायू झपाट्याने कमी होतो. बॅटरीवरचा एअर पंप आधीच घेऊन ठेवा.

आणि जास्तीची पिल्लं गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, कृपा करून सोडू नका. तिथल्या आपल्या माशांची अंडी ती खाऊन टाकतील.