मागितल्याशिवाय मिळत नाही, पण मागायला आधार आहे

जुन्या ग्राहकाला ब्रॉडबँड कंपनी नव्या ग्राहकाचा दर देतच नाही, असं बरेच जण म्हणतात. इथे ब्रिटनमध्ये ती आपणहून सहसा देत नाही, हे खरंच. पण ऑफकॉमच्या (तिथल्या दूरसंचार नियामकाच्या) नियमामुळे फेब्रुवारी २०२० पासून करार संपण्याच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने ग्राहकाला कळवणं बंधनकारक आहे: करार कधी संपतो, नंतर किती पैसे पडतील आणि नव्या ग्राहकांना काय दर आहे. ती ईमेल जाहिरात समजून उडवू नका, घासाघीस तिच्याच जोरावर करायची. फोनवर 'कनेक्शन सोडायचंय' हा पर्याय निवडा; सवलत द्यायचा अधिकार बहुधा त्याच विभागाकडे असतो. सप्टेंबर २०२४ पासून फक्त नव्या कंपनीला सांगितलं की पुरतं, जुनं कनेक्शन बंद करायचं तीच बघते. त्यामुळे सोडण्याची भाषा पोकळ राहत नाही.

१७ जानेवारी २०२५ पासूनच्या करारांत मुदतीच्या मध्येच होणारी दरवाढ पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावी लागते. ती धरूनच २४ महिन्यांचा हिशेब मांडा.

आणि घरात कुणी पेन्शन क्रेडिटवर (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) असेल तर आधी सोशल टॅरिफ, म्हणजे अशी मदत घेणाऱ्यांसाठीचा स्वस्त दर, विचारा. कितीतरी हक्कदारांना तो ठाऊकच नसतो, याचं फार वाईट वाटतं.